बुडावरचा शिक्का खोटे बोलतो तेव्हा

शेगावहून उत्तरेकडे निघालेला रस्ता संग्रामपूर तालुक्यात वरवट बकालला पोहोचतो, तेव्हा समोर सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते. डोंगराच्या अलीकडे कापूस, सोयाबीन आणि संत्र्यांची शेती, वर अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आणि पलीकडे मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा. त्या जिल्ह्यातले पाचोरी हे गाव (जळगावचे पाचोरा नव्हे) गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे. सातपुड्याच्या वाटांनी खाली उतरलेली शस्त्रे पकडल्याच्या बातम्या या पट्ट्यातून अधूनमधून येत असतात. बातमीचा साचाही ठरलेला असतो : इतकी पिस्तुले, इतकी मॅगझिन, इतकी जिवंत काडतुसे. छायाचित्र पिस्तुलाचे छापून येते. काडतुसाकडे फारसे कोणी पाहत नाही.

वास्तविक गावठी पिस्तुलावर कारखान्याचे नाव नसते, क्रमांक नसतो; आणि काही कोरलेले असलेच, तर ते ‘मेड इन यूएसए’ असे धडधडीत खोटे असते. त्या सगळ्या जप्त ऐवजात थोडेफार वाचता येण्याजोगे असे एकच पान असते, ते म्हणजे काडतुसाचे बूड. पितळी पुंगळीच्या तळाशी, मधल्या टोपीभोवती गोलाकार उमटवलेली चार-सहा अक्षरे आणि आकडे. कारखाना कोणता, बोअर कोणता, साल कोणते, हे त्यावरून कळावे अशी अपेक्षा असते. पंचनाम्यात ती अक्षरे जशीच्या तशी उतरवली जातात, फिर्यादीत जातात, आरोपपत्रात जातात आणि पुढे न्यायालयात त्यांच्यावर काथ्याकूट होतो. प्रश्न एवढाच, की ती अक्षरे खरे सांगतात का?

नेहमी नाही. आणि ती फसवतात तेव्हा दर वेळी कोणी मुद्दाम फसवत असते असेही नव्हे.

महाराष्ट्राला या विषयात परके वाटण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. इंग्रजी अमदानीत तिथल्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे असत आणि दोहोंच्या मध्ये सरकारी मालकी दाखवणारा रुंद बाण. ‘किर्की फॅक्टरी’ या जुन्या नावाची ती आद्याक्षरे स्वातंत्र्यानंतरही टिकली. बाण गेला, केएफ राहिले. दुसरा कारखाना बुलढाण्याच्या शेजारीच, जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला १९६४ साली उभा राहिला. त्याची खूण ओएफव्ही. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाले आणि हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. पण पितळ टिकाऊ असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पुंगळी आजही जप्तीत निघू शकते आणि तिच्यावरचे साल फक्त पुंगळी कधी तयार झाली एवढेच सांगते. आतली दारू कधी भरली, पुढची गोळी कोणी बसवली, याबद्दल तिथे एक अक्षरही नसते.

पहिला घोटाळा नावातच आहे. देशात परवान्यावर मिळणारी सर्वांत परिचित रायफल म्हणजे इशापूरच्या कारखान्याची ‘.३१५’. तिच्या काडतुसाच्या बुडावर मात्र ‘८ एमएम केएफ’ असे असते. इंच आणि मिलिमीटर यांचा हिशेब केला तर दोन्ही एकच : .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. पण एका कागदावर ‘.३१५ बोअर’ आणि दुसऱ्यावर ‘८ एमएम’ लिहिले गेले, की बचाव पक्षाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. पिस्तुलाच्या बाबतीत तर हिशेबही जुळत नाही. ज्याला आपल्याकडे सर्रास ‘.३२ बोअर’ म्हणतात, त्या पिस्तुलाच्या खडकीच्या काडतुसावर ‘केएफ ७.६५’ असे उमटवलेले असते. .३२ इंचाचे मिलिमीटर करावेत तर ८.१ होतात. आणि प्रत्यक्ष गोळी मोजावी, तर ती ७.९ मिलिमीटरच्या आसपास भरते! म्हणजे दोन्ही आकडे केवळ नावे आहेत, मापे नव्हेत. ‘७.६२’ची कथा याहून वाईट. एसएलआर रायफल, एके-४७, जुनी रशियन रायफल आणि टोकारेव्ह पिस्तूल या चौघांच्याही काडतुसांना ७.६२ म्हणतात आणि त्यांतले एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

हा झाला नामांतराचा घोळ. खरी पंचाईत होते ती पुंगळीचे रूपांतर केलेले असते तेव्हा.

नळी एक, अवतार दोन

पुंगळी म्हणजे साधारणपणे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेचे लांबट भांडेच. तांबट आळीत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते, की पितळेला ताव दिला की ते मऊ पडते, हवे तसे वळते, ठोकले की पुन्हा कडक होते. रायफलच्या पुंगळीला बूड, अंग, खांदा आणि मान असे चार भाग असतात. यांतले अंग, खांदा आणि मान पातळ पत्र्याचे. त्यांना दाबून लहान करता येते, फुगवता येते, कापून आखूड करता येते. म्हणून एका बोअरच्या पुंगळीपासून दुसऱ्या बोअरची पुंगळी तयार होऊ शकते. बूड मात्र जाड आणि भरीव असते. ते बदलत नाही आणि त्याच्यावरची अक्षरेही बदलत नाहीत. म्हणजे देह दुसऱ्या जन्माचा आणि कपाळावर नाव पहिल्या जन्माचे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खडकीचेच आहे. थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ रायफल, मराठी वाचकाला सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती तीच होती. तिचीच एक बहीण होती, ‘.४१० मस्केट’. १८५७ नंतर देशी शिपाई आणि पोलिसांच्या हाती पूर्ण ताकदीचे हत्यार द्यायला इंग्रज सरकार कचरत असे. त्या अविश्वासातून पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी ली-एनफील्ड रायफलची एकबारी मस्केट केली गेली : नळीतले आटे काढलेले, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवलेला. तिचे काडतूस वेगळे शोधण्याचा खटाटोप कोणी केला नाही. .३०३ ची पुंगळी मान न आवळता सरळ नळीसारखी ठेवली, की झाले .४१० चे काडतूस. बूड तेच, कड तीच, लांबी जवळपास तीच. साहजिकच .३०३ ची वापरलेली पुंगळी मानेपाशी फुगवली, तर ती मस्केटची म्हणून खपू शकते; जगभरचे संग्राहक ते करतही आले आहेत. तिचा शिक्का मात्र .३०३ चाच राहतो. उलट मस्केटच्या कोऱ्या पुंगळीला मान काढली, तर शिक्का .४१० चा आणि काडतूस लष्करी रायफलचे.

कोणी म्हणेल, पितळेच्या तुकड्याच्या कुळाची एवढी चौकशी कशाला? तर याचे उत्तर शस्त्र कायद्यात आहे. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात .३०३ किंवा ७.६२ बोअरच्या रायफली वरच्या, कडक गटात घातल्या होत्या आणि त्यापुढे एक शहाणपणाचे वाक्य होते : किंवा अशी कोणत्याही बोअरची रायफल, जिच्यात .३०३ वा ७.६२ चे लष्करी काडतूस बसते आणि उडते. .४१० मस्केटचाही त्यात स्वतंत्र उल्लेख होता. नियम करणाऱ्याने नावावर विसंबून न राहता काय बसते आणि काय उडते यावर बोट ठेवले होते. .३१५ चा जन्मच मुळी या धोरणातून झाला. नागरिकाच्या बंदुकीत फौजेचे काडतूस बसू नये, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर रायफलच्या धर्तीचे ८ मिलिमीटरचे काडतूस निवडले गेले.

शिक्षेतला फरक तर थेट वर्षांत मोजता येतो. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे शस्त्र वा काडतूस बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. तेच प्रतिबंधित गटातले ठरले, तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे. वरवट बकालच्या रस्त्यावर पकडलेल्या एखाद्या माणसाच्या खिशात नेमके काय होते, हे केवळ बुडावरच्या अक्षरांवरून ठरवणे म्हणूनच धोक्याचे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. निरुपद्रवी शिक्क्याआड लष्करी काडतूस सुटू शकते आणि जुन्या लष्करी शिक्क्यापायी साध्या काडतुसाचा धनी जास्तीची वर्षे भोगू शकतो.

मग ओळखायचे कसे?

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे. अशा प्रयोगशाळेत शस्त्रतज्ज्ञापुढे पुंगळी आली, की तो आधी अक्षरे टिपून घेतो आणि मग काही काळ ती विसरतो. हाती घेतो व्हर्नियर. पहिले माप बुडाच्या कडेचे, दुसरे कडेच्या लगेच वर अंगाच्या जाडीचे. ही दोन मापे बदलणे सर्वांत अवघड, म्हणून ती कूळ सांगतात. .३०३ ची कड साधारण १३.७ मिलिमीटर, वरचे अंग ११.६ ते ११.७. आठ मिलिमीटरच्या मॅनलिखर जातीची कड १४ च्या किंचित पुढे आणि अंग साडेबाराच्या आसपास. या दोघांत गल्लत होण्याचे कारण नाही, साध्या मोजपट्टीलाही फरक जाणवावा. एसएलआरच्या ७.६२ ला बाहेर आलेली कडच नसते. बुडाच्या वर खाच असते आणि बुडाचा व्यास १२ मिलिमीटर.

पण सगळीकडे इतके सोपे नाही. रशियन ७.६२ ची ५४ मिलिमीटर लांबीची कडवाली पुंगळी मॅनलिखरच्या फार जवळची : अंग १२.४, कड १४.४. परदेशांत जुन्या मॅनलिखर रायफली चालवणारे हौशी लोक तिच्यापासूनच आपल्या पुंगळ्या बनवतात. तिथे एक-दोन दशांश मिलिमीटरच्या फरकावर निर्णय द्यायचा म्हणजे एका मापावर भागत नाही.

दुसरे माप लांबीचे आणि तोंडाचे. ते पुंगळी आज काय आहे ते सांगते. कूळ एक आणि वर्तमान दुसरे निघाले, की रूपांतराचा संशय पक्का होतो आणि मग पुरावा शोधायचा. पितळ आपला भूतकाळ लपवण्यात फारसे हुशार नसते. खांदा मागे ढकलून नवी मान काढली असेल, तर जुना खांदा जिथे होता तिथे अंगावर पुसटशी वर्तुळाकार रेघ राहते. तिरप्या उजेडात ती दिसते. नवी मान ही पूर्वीच्या अंगातून झालेली असल्याने तिचा पत्रा कारखान्याच्या मानेपेक्षा जाड भरतो. ती आतून खरवडली असेल, तर खरवडल्याचे ओरखडे दिसतात. लांबी कापली असेल, तर तोंडाची धार ताजी, चकचकीत आणि बाकीच्या अंगाच्या रंगाशी न जुळणारी. ताव दिल्याची निळसर-तपकिरी छटा लष्करी पुंगळीवर मानेपासून खांद्यापर्यंत सरळ रेषेत थांबते. घरगुती तावाची छटा वेडीवाकडी पसरते.

मग टोपी. लष्करी काडतुसाची टोपी निसटू नये म्हणून भोवतीचे पितळ कारखान्यातच टोचून किंवा दाबून घट्ट करतात आणि सांध्यावर रंगीत लाखेचा पातळ थर देतात. टोपी बदललेली असेल, तर ही टोचणी खरवडून काढलेली दिसते आणि लाख गायब असते. रिकाम्या पुंगळीत आत डोकावले तर आणखी एक साक्षीदार भेटतो. ब्रिटिश आणि हिंदुस्थानी .३०३ पुंगळ्या ‘बर्दान’ पद्धतीच्या, म्हणजे टोपीची ठिणगी आत जाण्यासाठी मध्यबिंदूच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके. कॅनडाचा कारखाना मात्र ‘बॉक्सर’ पद्धत वापरी, मधोमध एकच भोक. बुडावर केएफचा बाण आणि आत मधोमध एकच भोक असे दिसले, तर शिक्का आणि पुंगळी यांचे लग्न कोणीतरी नंतर लावले आहे, असे समजायला हरकत नाही.

जिवंत काडतूस उघडता येत नसेल, तर क्ष-किरणांचे चित्र आतले रूप दाखवते. बूड घासून नवी अक्षरे ठोकली असतील, तर बुडाची जाडी कमी भरते आणि घासल्याच्या समांतर रेघा सूक्ष्मदर्शकाखाली उमटतात. शिवाय ठशाच्या दाबाने अक्षराखालचे पितळही दबलेले असते. वरचा थर घासून गेला तरी तो दाब खाली शिल्लक राहतो, म्हणून योग्य रसायनाने पृष्ठभाग कोरला की पुसलेली अक्षरे पुन्हा क्षणभर तरी वाचता येतात. इंजिनावरचे खोडलेले क्रमांक उठवतात ती हीच पद्धत.

उडालेल्या पुंगळीला तर आणखी एक वाचा फुटलेली असते. स्फोटाच्या दाबाने ती फुगते आणि ज्या चेंबरमध्ये उडाली त्याचा साचा होऊन बाहेर येते. गावठी कट्ट्याचे चेंबर क्वचितच नेमक्या मापाचे असते. त्यामुळे पुंगळी एका अंगाने सुजलेली, कधी उभी चिरलेली निघते. असे अंग पाहून कोणी तिला ‘वेगळाच बोअर’ ठरवले, तर ती फसगत उलट्या दिशेची : इथे शिक्का खरा आणि आकार खोटा! बुडाचे माप घेतले, की हाही गोंधळ मिटतो. खेचणीचे ओरखडे एकाऐवजी दोन-तीन जोड्यांनी आढळले, तर पुंगळी एकाहून अधिक वेळा भरली वा चढवली गेली असावी. चांदमारी झाल्यावर पोलीस आणि लष्करात रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात, त्याचे कारण या ओरखड्यांत आहे. भंगारात गेलेले पितळ पुन्हा काडतूस होऊन येऊ शकते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने नागरिकांना लष्करी बोअर बाळगण्यास मनाई केली, तेव्हा तिथल्या कारागिरांनी .३०३ ची मान आवळून पाव इंचाची केली आणि ‘.३०३/२५’ हा नवा बोअर रूढ झाला. हजारो कांगारूंच्या शिकारी लष्करी शिक्क्याच्या पुंगळ्यांनी झाल्या. इशापूरच्या .३१५ मागचा विचार आणि हा विचार एकच. आपल्याकडे सरकारने नवे काडतूस दिले, तिथे लोकांनी जुने वाकवले.

अमेरिकेत अलीकडे याच गोष्टीने हात भाजले आहेत. २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘.३०० ब्लॅकआउट’ या बोअरची पुंगळी ५.५६ ची पुंगळी सुमारे ३५ मिलिमीटरवर कापून सहज करता येते. हौशी लोकांनी ती घरोघर केली. शिक्का ५.५६ चा, गोळी ७.६२ ची. ती चुकून ५.५६ च्या रायफलमध्ये चढली, तर जाड गोळी बारीक नळीत घुसू पाहते आणि रायफल चालवणाऱ्याच्या तोंडापाशी फुटते. असे अपघात तिथे झाले आहेत. ही फसवणूक नव्हे, निष्काळजीपणा. पण बळी दोन्हींत सारखाच.

आणि शिक्क्याचे मौन? केनियात २००६ मध्ये एके-४७ ची अशी काडतुसे आढळू लागली, की ज्यांच्यावर बोअर होता, साल होते, पण कारखान्याची खूणच नव्हती. ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’च्या अभ्यासकांनी २०१२ च्या अहवालात ती आफ्रिकेतील नऊ देशांत नोंदवली आणि माग इराणपर्यंत नेला. जे लिहायचे टाळले होते, तेच अखेर ओळख ठरले.

पुन्हा संग्रामपूर तालुक्याकडे. अशा प्रकरणात सगळी भिस्त पहिल्या पंचनाम्यावर असते आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, रस्त्याच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात लिहिला जातो. तिथे ‘.३१५ बोअरचे एक काडतूस’ एवढे लिहून मोकळे होणे सोपे. बुडावरची अक्षरे जशी दिसतात तशी, गोलातल्या जागेसह उतरवणे आणि बोअरचा निष्कर्ष तज्ज्ञावर सोडणे हे अधिक चांगले. पुंगळी चिमट्याने किंवा पेनाच्या टोकाने उचलली, की नवे ओरखडे पडतात आणि खेचणीच्या जुन्या ओरखड्यांशी त्यांची सरमिसळ होते. एकाच पाकिटात चार पुंगळ्या टाकल्या, तर त्या एकमेकींवर घासतात. प्रत्येकीला कापसात गुंडाळून वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करणे एवढीच काळजी पुरते.

शहरातल्या वाचकाचा या सगळ्याशी संबंध येतो तो बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेतून. फौजेत वा पोलिसात असलेल्या आजोबांच्या वस्तूंत एखादे पितळी काडतूस निघते, कधी ते पेपरवेट म्हणून टेबलावर येते, कधी प्रवासाच्या बॅगेत राहून विमानतळावरच्या यंत्रात दिसते. ताबा जाणीवपूर्वक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटले आहे खरे. पण ते सिद्ध होईपर्यंत पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या फेऱ्या चुकत नाहीत. अशा काडतुसाची टोपी टोचलेली आहे की कोरी, हे पाहण्यासाठीही त्याला खिळा, हातोडी वा उष्णता लावू नये. साठ वर्षांपूर्वीची टोपीसुद्धा उडू शकते. जवळच्या पोलीस ठाण्याला आधी दूरध्वनी करावा, काडतूस घेऊन रस्त्याने जाऊ नये आणि ते जमा करताना पोच घ्यावी. त्या पोचपावतीवर बुडावरची अक्षरे लिहून घेतली, तर उत्तम.